परतीचं कारण

फोनवर तीन पर्याय आले.
माणूस घरी येऊन घेऊन जाईल, मंगळवार ते गुरुवार, दहा ते दोन.
स्वतः मिरजेच्या सेंटरला नेऊन द्या.
नाहीतर दुसरा रंग घ्या.
आणि त्याआधी, लाल चांदणी लावून: परतीचं कारण.

लहान पडली. मोठी पडली. खराब निघाली.
चित्रात वेगळी दिसत होती.
उशिरा आली.
चष्मा पुसून मी यादी दोनदा खालीवर केली.
कन्याकुमारी रद्द झाली, असं त्यात नव्हतं.
नसीमच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं,
हेही नव्हतं.
शेवटी 'विचार बदलला' यावर बोट ठेवलं.
मार्केट यार्डात एकोणतीस वर्षं हळदीचा हिशेब लिहिला,
एका किलोची खाडाखोड केली नाही,
आणि आता हे.

बॅग अठ्ठावीस इंची, मोरपंखी, चार चाकांची.
दोघींनी एकाच रात्री मागवली, दोनवर सूट होती.
नसीम म्हणाली होती,
गर्दीत चुकलोच तर रंगावरून सापडू.

घरी माणूस बोलवावा तर खणभागातली आमची गल्ली,
खोकं येताना सगळ्यांनी पाहिलेलं,
जाताना दिसलं की समोरच्या आवटीवहिनी
जिन्यातच गाठणार.
फुकट होतं, तरी
मी दुसरा पर्याय निवडला.
वार मंगळवार निवडला.

स्टँडपर्यंत ती माझ्यापुढं पळत होती.
रिकाम्या बॅगेला उतार फार लवकर कळतो.
पानवाला म्हणाला, "काकू, लांबचा दौरा?"
कंडक्टर म्हणाला, "मावशी, लगेज लागंल."
मोकळी आहे रे, म्हटलं.
त्यानं एका बोटानं उचलून बघितली, हसला,
"मग हवेचं काय तिकीट फाडू?"
ब्रेक लागला की ती सुटायची,
विश्रामबागेपर्यंत त्यानंच पायानं अडवून धरली.
शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीकडं का?"
"कन्याकुमारीला."
निघून गेलं तोंडातून.
"एकट्याच?"
"नाही ओ. मैत्रीण मिरजेत भेटणार आहे."
हे मात्र खरं होतं.

सेंटरवरच्या पोरानं सगळे कप्पे उघडले,
अस्तरावरून हात फिरवला,
चाकं एकेक करून फिरवली,
वैद्य नाडी बघतो तशी.
"वापरली का?"
"नाही."
बसच्या पत्र्याची धूळ मी पदरानं पुसली होती.
"पैसे खात्यात की कूपन? कूपन घेतलं तर शंभर जास्त."
शंभराचा मी विचार केला, खोटं कशाला सांगू.
खात्यात, म्हटलं.
पाच ते सात दिवस, पावती जपून ठेवा.
बाहेर रस्त्यावर आले
तर उजवा हात अजून दांडीच्या उंचीवर.

दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, बाकाखाली,
तीच मोरपंखी.
आत फाइली, चादर, डबा, त्यांचा स्वेटर.
मशीनवर थंडी वाजते म्हणे.
"दिलीस परत?"
"दिली."
"मीही देणार होते गं. पण चाकं चांगली आहेत हिची.
एक्स-रेला ने, रक्ताला ने, लिफ्ट बंद असली तरच काय ते."
दांडीला किमतीचा टॅग तसाच लोंबत होता.
काढ की आता, म्हटलं.
राहू दे, म्हणाली.

काचेपलीकडं कसलीशी बारीक घंटा वाजत होती, थांबत होती.
नसीमनं बॅग ओढून आडवी केली,
तिच्यावर पाय ठेवले
आणि थोडे पलीकडं सरकवले.
चार तास लागतात एका खेपेला.
मी चपला काढल्या.