मापाच्या वहीतले प्रश्न

पेलोतासमधला जुलैचा रविवार.
हाडं हुडकत येणारा मिनुआनो वारा.
सायकल-दुरुस्तीच्या दुकानामागची आमची खोली,
भिंतींना ओल, छताला टांगलेली बिनटायरची चाकं,
टेबलावर सात लॅपटॉप,
त्यातले तीन शेवटच्या घटका मोजणारे.

झुल्मीरा आली तेव्हा तिच्या पिशवीतून
मोजपट्टीचं टोक लोंबत होतं.
चर्चच्या सोडतीत लागलाय, म्हणाली, दुसरं बक्षीस.
पहिलं डुकराचं पिल्लू होतं.
मला ते हवं होतं.

मग तिनं वही उघडली.
कुणा इव्होनीची छाती अठ्ठ्याण्णव, कंबर चौऱ्याऐंशी,
आणि बाहीच्या मापाखाली बारीक अक्षरात:
सी ड्राइव्ह कुठे गेला?
फुकट देताय, तर मालात खोट आहे का?
मोठा ए आणि छोटा ए ह्यांचं भांडण कधीपासूनचं?
रूट म्हणजे मूळ ना, मग तुम्ही ते वर का काढता?
मूळ वर, फांद्या खाली, असलं झाड कुणी पाहिलंय?
आणि पानाच्या कडेला, दोनदा अधोरेखित:
पासवर्ड टाइप करते, काही उमटत नाही.
कीबोर्ड मेला की मी?

ओझियेल एकोणीस वर्षांचा. मान वर न करता म्हणाला,
पाचशे वेळा सांगून झालंय हे.
आधी वाचून या.

किटली तेवढी बोलत राहिली.

मला माझा पहिला प्रश्न आठवला.
अकरा वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता विचारलेला.
कुणीतरी गंमत म्हणून एक ओळ सांगितली,
मी ती विश्वासानं, एकेक अक्षर जपून टाइप केली
आणि बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले.
तिकडे हसले असतील. मला ऐकू आलं नाही.
बहिणीला मी आजवर सांगितलंय, डिस्क जुनी होती.

म्हणून मी खुर्ची ओढली.
अक्षरं पोचतात, म्हटलं, फक्त दिसत नाहीत.
मागे उभ्या माणसाला ती किती आहेत
हेसुद्धा कळू नये म्हणून.
झुल्मीरानं बोट हवेत धरून विचार केला.
तुरपाई, म्हणाली.
आणि वहीतल्या त्या ओळीवर काट मारली.

पैसे कुणीच घेत नाही म्हटल्यावर
पुढच्या रविवारी ती सुईदोरा घेऊन आली.
कुणाची चेन, कुणाचं बटण,
ओझियेलची जमीन झाडत चालणारी पँट
चार बोटं वर.
तो थँक्यू म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून
कोपऱ्यातला हीटर तिच्या पायाशी असतो.

सप्टेंबरात बाबाकार आला. डाकारचा,
बाजाराजवळ घड्याळं विकतो.
चिमाहाँवचा भोपळा फिरत फिरत त्याच्याकडे गेला,
एकच नळी, सगळ्यांच्या ओठांची.
दोन घोट घेऊन त्यानं सभ्यपणे आभार मानले
आणि पुढच्या फेरीत भोपळा त्याला वगळून गेला.
त्याचा चेहरा पडला.

अरे बाबा, झुल्मीरा म्हणाली,
इथे आभार मानले की पुरे झालं असा अर्थ होतो.
पुरे होईपर्यंत मानायचे नाहीत.
प्यायचं, आणि भोपळा परत द्यायचा.

मग त्यानं लॅपटॉप पुढे सरकवला.
दाबतोय, दाबतोय, म्हणाला, काही उमटतच नाही.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं
ओझियेलची तंगडी धरून टेबलावर ठेवली,
पँटचा घोळ उलटवला:
बघ. वरून दिसतोय एक तरी टाका?
म्हणून काय मी घातलाच नाही?

ओझियेल एका पायावर उभा.
बाबाकार टाके मोजतोय.
मी माझं अकरा वर्षांचं उत्तर
गिळून टाकलं.

झुल्मीराचा प्रिंटर अजून चालत नाही.
तिघांनी बघितला. दर रविवारी
एक कोरा कागद बाहेर टाकतो, गरम.
ती तो घरी नेते,
बेतायला बरा पडतो म्हणते.