उंडिल्ल

खानापुरात स्टेशन रोडला,
बसलिंगप्पा हंचिनमनींच्या औषधदुकानात मी लागले
तेव्हा माझं कानडी दहा-बारा शब्दांचं.
हौदु, इल्ल, बेकु, बेड, एष्टु,
आणि एक 'गोत्तिल्ल', जे सगळीकडं चालायचं.

मी जांबोटीकडची.
आमच्याकडं कानडी यायचं ते लाइटबिलावर, बसच्या पाटीवर,
गोल गोल, तोंड मिटून बसलेलं.
बोलताना ते एवढं धावतं
हे काउंटरमागं उभी राहिले तेव्हा कळलं.

मग मी युक्ती काढली.
ओळखीचा शब्द आला की मान हलवायची.
जत्रेत एक ओळखीचा चेहरा दिसावा
आणि बाकीची माणसं आपण बघूच नयेत,
तसं ऐकायचे.
बाजारादिवशी इटगी-बिडीकडची माणसं यायची,
'इल्लि केळ्री' म्हणायची,
मला आपली घडातली केळी दिसायची,
आणि हसू दाबून मी खोकी धुंडाळायचे.

कल्लव्वा अशाच एका बाजारी आली.
साखरेची गोळी घेतली,
इरकलीच्या गाठीतून पैसे सोडवता सोडवता
काहीतरी बोलली, लांबलचक.
त्यात 'उंड' ऐकू आलं.
म्हणजे जेवलीय. बास.
'हां हां, घ्या की मग,'
मी पाण्याचा तांब्या पुढं केला.
तिनं घेतली.
मी सांगितलं म्हणून घेतली,
आणि पायरीवर बसली बसची वाट बघत.

पाऊण तासानं तिचं कुंकू घामानं ओघळलेलं.
हात कापत होते.
बसलिंगप्पा आतून धावत आले,
गुळाचा खडा तिच्या गालात सरकवला,
कान तिच्या तोंडाशी नेला.
ती तेच म्हणत होती, सकाळपासून तेच:
उंडिल्ल, उंडिल्ल.

तेव्हा मला 'इल्ल' ऐकू आलं.
एवढंसं. वाक्याच्या अगदी मागं,
गाडीला बांधलेल्या वासरागत
फरफटत आलेलं.

सावरली ती. पुढच्या बसनं गेलीही.
जाताना माझ्या गालावरनं हात फिरवला,
ते जास्त लागलं.

मालक रागावले नाहीत.
वही उघडत म्हणाले, 'केळ.'
मी ऐकायला उभी राहिले.
ते काही बोलेनात.
पुन्हा म्हणाले, 'केळ की.'
मग मराठीत, 'अगं, विचार. काय कळलं नाही ते विचार.
केळ म्हणजे ऐक, केळ म्हणजे विचारसुद्धा.
दोन कामांना एकच शब्द आमच्यात,
कुणी काटकसर केली काय की!'

आता मी विचारते. 'ऊट आतेन्री?'
आणि गप्प राहते
समोरचे ओठ मिटेपर्यंत.
मग माझ्या मोडक्या कानडीत त्यांचंच त्यांना परत सांगते,
ते हसतात, दुरुस्त करतात,
बिडीचा एक म्हातारा तर दर खेपेला
मुद्दाम अवघड काहीतरी घालतो.
ळ तेवढा माझा पहिल्यापासून बरोबर.

रात्री आईचा फोन येतो.
तिकडं रेंज नाही,
ती टाकीजवळच्या दगडावर चढून बोलते.
'बरी हाय गं मी. पाय तेवढा...'
इथंच मी म्हणायचे, बरं, ठेवते हां.
'नाही' आमच्यातही शेवटीच येतं,
आणि त्याच्यासाठी मी कधी थांबलेच नव्हते,
माझ्याच भाषेत.

काल थांबले.
तिकडनं रातकिडे.
दगडावर तिचा पाय सरकल्याचा आवाज.
'हाईस काय गं?'
'हाय. पाय तेवढा काय, आई?'