तीन मिनिटं

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांवर
एकशेचाळीस घडीच्या खुर्च्या.
लांब टेबलाशी सात सभासद, सात पाण्याच्या बाटल्या,
आणि कडेला मी, घड्याळवाली.
मेपल फोर्क शाळा-जिल्ह्याची कारकून, यंदा बाविसावं वर्ष.
बोलणाऱ्याला तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
लाल लागला की मी म्हणते, "थँक यू",
आणि या दोन शब्दांपायी निम्मं गाव
सुपरमार्केटात मला बघून दुसऱ्या रांगेत वळतं.

विषय एकच. हायवेपलीकडची हॅरो स्ट्रीट शाळा
ठेवायची की बंद करायची.
पडद्यावर नकाशा. निळी रेघ होती, ती जांभळी झाली
आणि तळ्यापासून रेल्वेफाटकापर्यंत सरकली.
सरकवायला लागतं काय,
एक माउस, एक बोट.

वेंडेल ऑस्टबी आधी उठला. ब्याऐंशी वर्षांचा.
शाळेची जागा त्याच्या बापाने दिली होती, फुकट,
मका उभा असताना.
"कागद आहे माझ्याकडे," म्हणाला,
"फक्त कुठे ठेवलाय ते आठवत नाही."
उरलेली दोन मिनिटं तो कपाटं उघडत राहिला,
तिथेच उभ्या उभ्या, एकेक खण.
लाल.

मग लेकव्ह्यूच्या नव्या घरांतली एक बाई, तक्ते घेऊन.
आकडे चोख. आवाज मऊ.
"आमचा कुणाशीच वाद नाही," असं चारदा म्हणाली.
मी मोजलं. मोजायचाच पगार घेते मी.

मग उबाह गुलेद.
टर्कीच्या कारखान्यातली रात्रपाळी, अंगात अजून तोच कोट.
ती बोलायची सोमालीत, तिची भाची इंग्रजीत,
वाक्य संपायचं, पुन्हा सुरू व्हायचं.
गाडी नाही, ती म्हणाली. मी चालत येते.
गाडी नाही, भाची म्हणाली. ती चालत येते.
नव्या शाळेच्या रस्त्याला फुटपाथ
पिवळा
नाही, बर्फात मुलाचा हात धरून मी कुठल्या कडेने
लाल.
भाचीने वाक्य अर्ध्यात ठेवलं, हातातला कप ठेवावा तसं.
दुभाष्याचा वेळ वेगळा धरावा, असं नियमात कुठेच नाही.
नियमांचा मसुदा माझा. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत,
सँडविच खाता खाता टाइप केलेला.

शेवटचा कोंगमेंग वांग, इयत्ता चौथी.
कुणीतरी माइक खाली ओढून दिला.
तो उभा राहिला.
कँटीनमधलं बर्फाचं मशीन एकदा खडखडलं.
बापाने मागून मान हलवली, बोल.
तो उभाच. नकाशाकडे बघत,
घर शोधतात तसा नाही, घर सापडल्यावर बघतात तसा.
पिवळा झाला. लाल झाला.
मी थँक यू म्हणाले नाही.
मग त्यानेच म्हटलं, "थँक यू", मला,
आणि जागेवर जाऊन बसला.

पाच विरुद्ध दोन.
रखवालदार हॉइटने खुर्च्या मिटायला घेतल्या,
लोक अजून त्यांच्यावर बसलेले असताना.
घरी आल्यावर मी इतिवृत्त लिहिलं. सगळं जुळलं,
एका ओळीपाशी मात्र अडले.
"वक्ता गैरहजर" म्हणवत नव्हतं.
"काही बोलला नाही" हेही खरं वाटेना.
शेवटी लिहिलं:
के. वांग. म्हणणं ऐकून घेतलं.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ऑफिसात फोन.
नऊ नंबरची बस अकरा मिनिटं उशिरा.
ड्रायव्हर डॉर्था पिकेट, एकोणीस वर्षं तोच रस्ता,
सवयीने हॅरो स्ट्रीटला वळली, गेटपाशी थांबली,
दार उघडलं.
"आणि मुलं?" मी विचारलं.
"उतरली की. बत्तीसच्या बत्तीस.
दप्तरं घेऊन, रांगेत.
बोलवेपर्यंत कुणी परत चढलं नाही."

उशिराच्या कारणाला फॉर्मवर एवढीशी चौकट असते.
मी लिहिलं, रस्ता.