सियागंजातली पुडी

चिकमंगळूरहून पार्सल येतं.
पाकिटावर भाजल्याची तारीख, मळ्याची उंची,
आणि म्हणे संत्र्याच्या सालीची चव.
मी नाक खुपसून शोधते.
असेलही.

हकीमुद्दीनभाईंच्या पुडीवर काहीच नसतं,
जुन्या पेपरातली शेवेची जाहिरात सोडून.
भट्टीचा पट्टा तुटला की चार दिवस कॉफी नाही,
आणि कधी बिया कोळशाला टेकलेल्या:
"बच्ची का फोन आ गया था, ताई. कुवेत से."

ती करपलेली पावशेर मी घेतली,
पैसे पूर्ण दिले.
घरी दळताना
कुवेतमध्ये काय झालं असेल
याचाच विचार.

कपात कडू उतरली.
दुसऱ्यांदा ओतून घेतली.

पार्सलवाल्यांना पुढच्या महिन्याचं
अजून नको म्हटलेलं नाही.