खळगा भरताना

आज चौथा आठवडा.
रेणू अजून तिथंच बसलाय,
प्रथिनाच्या खोबणीत, पाय पोटाशी घेऊन,
आणि मी त्याच्याखाली माती लोटतेय,
दर पिकोसेकंदाला एक ढेकूळ.

युक्ती साधी आहे. जिथं तो रेंगाळतो
ती जागा थोडी थोडी भरत जायची,
तळ वर आला की आपसूक बाहेर सांडेल,
आणि जेवढी माती लागली तेवढी खोली.
विद्यार्थ्यांना हे मी फळ्यावर
दहा मिनिटांत शिकवते.

मंगळवारी पहाटे तो निसटला.
लिव्हिओने कॉफीचा कप वर धरला, मी पण.
मग दुपार झाली, बुधवार झाला,
तो काही परत येईना.
खोबणीच्या दारात यायचा, हुंगायचा, मागे फिरायचा,
अनोळखी उंबऱ्यावरच्या मांजरासारखा.
शुक्रवारी आला एकदाचा, तेव्हा हिशोब केला:
जाताना खोली चौदा, येताना नऊ.
एका विहिरीला दोन तळ.

ढेकळं लहान केली.
मग त्यांची रुंदी कमी केली.
तो पाण्यात फार लांब भटकू नये म्हणून कुंपण घातलं.
आठ तापमानांच्या आठ प्रती शेजारी शेजारी बसवल्या,
पण शेजार्‍यांचं एकमेकांकडे जाणं-येणंच नाही,
शंभरात दोनदा, तेही नाइलाजाने.
मधे आणखी चार घातल्या.
आता बाराही जणी गप्पा मारतात
आणि उत्तर?
ये रे माझ्या मागल्या.

'बियाणं बदलून बघ,' लिव्हिओ म्हणाला,
'नशिबाचा आकडा तरी बदलेल.'
यंत्रांच्या खोलीत पंखे घोंघावत होते,
बाहेर बोरा वारा ताशी शंभरने,
बंदरावर कुणाची तरी छत्री उलटी होऊन
एकटीच चालली होती.

रविवारी बस पकडून रेपेनला गेले.
मामाच्या फाटकावर आयव्हीची फांदी टांगलेली,
म्हणजे घरची वाइन आहे, या.
ड्रागोमामाने हॅम कापता कापता विचारलं,
'कसलं काम करतेस गं, नेवेन्का, अख्खा महिना?'
मी म्हटलं, 'खड्डा भरते.'
तो हसला नाही.
सुरी ठेवली, मागच्या दाराने मला
त्या डोलीनेपाशी घेऊन गेला.

'माझ्या बापाने तेरा वर्षं दगड टाकले ह्यात.
वर द्राक्षं लावायची होती, सपाट जमीन हवी होती.
दर वसंतात वीतभर खाली गेलेलं असायचं.
चिडायचा, मोठे दगड टाकायचा.'
थांबला. 'खाली नदी आहे ना.
श्कोत्सियानला जमिनीत शिरते,
समुद्राजवळ वर येते,
मधल्या वाटेचं कुणालाच धड माहीत नाही.
म्हातारा वरून बघत होता.'

परतीच्या बसमध्ये मी काही खाल्लं नाही, वाचलं नाही.

रात्री सगळं पुसून टाकलं पडद्यावरून:
रेणू पुसला, प्रथिनाची घडी पुसली,
फक्त पाणी ठेवलं.
आणि ते होतं.
दोन आम्लांच्या बेचक्यात, तळाशी, एकच,
मागच्या फटीतून आलेलं.
ते आत आल्यावर रेणू सुटायचा,
ते बसून राहिलं म्हणून त्याला परत शिरता येईना.
चार आठवडे मी अंतर मोजत होते,
रेणूपासून खोबणीपर्यंत, तिसऱ्या दशांशापर्यंत,
आणि पाण्याला कुणी विचारलंच नव्हतं.
रोग रेड्याला, औषध पखालीला,
आणि पखालीतच होतं की ते!

आता दोन गोष्टी मोजते: अंतर,
आणि तळाशी किती पाणी.
पुन्हा पहिल्यापासून. रांगेत माझ्यापुढे दोनशे चौदा जण.

काल आकडा अकरा आला, आज साडेअकरा,
जाताना आणि येताना जवळजवळ सारखा.
'जवळजवळ' हा शब्द मी लिव्हिओला सांगितला नाही,
आलेखच दाखवला, तो बराच वेळ बघत राहिला.

मामाचा फोन आला होता: भरला का गं खड्डा?
म्हटलं, नाही.
पण पाण्याचा आवाज येतोय.