डावा लाल, उजवा हिरवा

आचऱ्याच्या शाळेत बावीस वर्षं
मी फळ्यावर चार घरं काढते.
आईचे दोन एक्स वर, बापाचे एक्स आणि वाय बाजूला.
"मुलग्याला एक्स कोणाकडून?"
"आईकडून, बाई!"
सगळी नववी एका सुरात.
खडूची भुकटी झटकत मी पुढच्या पानावर जाते.

काल दुपारी सुयोगचा फोन आला.
"बोटीवर घेत नाहीत, आई.
त्या पानात आकडा होता म्हणे.
मला नुसते ठिपके दिसले."

मी विचारलं, जेवलास का?

बाबा तांडेल होते. रात्री खाडीच्या तोंडाशी
समोरून दिवे आले की पुतण्याला म्हणत,
"बघ रे, खंयचो खंय आसा?"
डोळे अधू नव्हते. फेस बघून
खालचा खडक सांगायचे.
रतांबे काढताना मात्र एकेक दाबून बघत.
बायका हसत, "तांडेलानू, तांबडो दिसता तो काढा मरे!"
तेही हसत. दाबत राहत.

सुयोग पाच वर्षांचा, मे महिना,
परसात टोपलीपाशी बसला होता.
एक रतांबा उचलला, अंगठ्याने दाबला.
मग दुसरा.
मी पडवीतून पाहिलं.
चारांतलं एक घर तेव्हाच भरलं.
कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

पुस्तकात मला वाहक म्हणतात,
जणू धक्क्यावरून पेट्या वाहते मी,
आत काय आहे हे हमालाला कोण सांगतो.
मला दोन्ही रंग दिसतात, लख्ख.
पण नववीच्या पुस्तकात नसलेलं एक वाचलंय मी:
बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांतला एक एक्स
निजून जातो.
कुठे आईचा, कुठे बापाचा,
पेशीपेशीची चिठ्ठी वेगळी.
म्हणजे माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर
ठिगळाठिगळाने बाबा जागे आहेत,
रतांब्याकडे बघताहेत,
आणि त्यांना अजून कळत नाहीये.

संध्याकाळी धक्क्यावर गेले.
एक ट्रॉलर आत येत होता, तोंड माझ्याकडे करून,
म्हणजे त्याचा डावा लाल माझ्या उजव्या हाताला.
मी एक डोळा मिटला. मग दुसरा.
दोन्ही दिवे होते तिथेच होते.

उद्या सकाळच्या गाडीने तो येईल.
रतांब्यांची टोपली पडवीत आहे,
पिके वेगळे करायचे राहिलेत.

राहू देत.