तिसरी क्षिप्रा

काल विशाखापट्टणमहून फोन. आवाज कोवळा.
"सर, तुम्ही कुठल्या क्षिप्रेवर होता?"
दुसऱ्या, म्हटलं.
पहिलीवरचे म्हातारे आम्हाला
मरेपर्यंत 'नवीवाले'च म्हणत राहिले.

दुसरी अलंगला मोडली. मी गेलो नाही बघायला.
तिचा बॉयलर मला खोकल्यावरून ओळखायचा.
घंटा तेवढी वाचली,
ती आता तिसरीवर टांगतील.
आणि एक पितळी तोटी वाचली.
कशी, ते विचारू नका.
इथे रामबागेत, गच्चीवरच्या टाकीला बसवली आहे.
एक दिवसाआड नर्मदा येते
तेव्हा आधी तिच्यातून हवा सुटते,
खरखरत,
मग पाणी.
कुमुदिनी म्हणते, गळते आहे, बदला आता.

निमंत्रणात लिहिलंय : सोबत एक जण.
खोबरेकर असता तर त्यालाच नेलं असतं.
तो खाली राहिला, आगीच्या दिवशी,
दार आतून लावून.
फोनवरचा पोरगा यादी वाचत होता,
तीत एक खोबरेकर निघाला.
"त्याचा कोण?"
"कोणी नाही सर. नुसतंच आडनाव."

नुसतंच.

आज प्लंबर आला. नवी तोटी घेऊनच आला होता.
म्हटलं, वायसर बदल फक्त.